खाजरे आणि वावडे

'खाई त्याला खवखवे' ही म्हण आमच्या विद्यार्थ्यांनी मराठीच्या तासाला अनेकदा वाक्यात योजिली आहे. जो चोरून काही करतो त्याचेच मन त्याला खाते, हा तिचा लाक्षणिक अर्थ सर्वांस ठाऊक असतो. परंतु हे खवखवणे मुळात कोणत्या जिन्नसाचे, असे विचारले म्हणजे वर्ग गप्प बसतो. एखादा मागच्या बाकावरून हळूच 'सुरण' म्हणतो, आणि त्याचे उत्तर बरोबर असते. अळू, सुरण यांसारख्या वनस्पती नीट न शिजविता खाल्ल्या तर ओठ चुरचुरतात, जीभ टोचते आणि घसा खवखवतो. या म्हणीत जे गृहीत धरले आहे ते असे, की जो खाईल त्याला, मग तो कोणीही असो, खवखवणारच. प्रस्तुत लेखात आम्हांस नेमके एवढेच तपासावयाचे आहे. कारण हे गृहीत निम्मेच खरे आहे, आणि उरलेल्या निम्म्याकडे दुर्लक्ष झाले तर एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आरंभ आपल्याच बाजारापासून करू. मृगाचे पहिले दोन-चार पाऊस पडून गेले, की ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील बाजारांत मुरबाड, शहापूर, कर्जत या बाजूंच्या आदिवासी भगिनी रानभाज्यांच्या टोपल्या घेऊन बसू लागतात. त्यांत शेवळांच्या जुड्या असतात. शेवळ ही सुरणाच्याच कुळातील व जातीतील, सह्याद्रीच्या परिसरात उगवणारी रानटी वनस्पती. तिचे पान मागाहून येते. आधी भिजलेल्या मातीतून जांभळट तपकिरी आवरणात गुंडाळलेला एक लांबट फुलोरा वर डोके काढतो, आणि तोच भाजीसाठी खुडून आणतात. जुडीच्या शेजारी बहुधा हिरव्या, आवळ्यापेक्षा लहान, अतिशय आंबट अशा फळांचा वाटा मांडलेला असतो. ते काकड. नवखे गिऱ्हाईक शेवळे घेऊन काकड न घेता निघाले, तर विकणारी बाई स्वतःच त्याला थांबविते. 'हे नाही घातले तर तोंड खाजेल' एवढेच ती सांगते. रसायनशास्त्राचा हा धडा पदपथावर फुकट मिळतो, ही गोष्ट आमच्या शहरी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ठाण्या-कल्याणाकडील जुन्या घरांत, विशेषतः चांद्रसेनीय कायस्थ प्रभू मंडळींच्या स्वयंपाकघरांत, शेवळांचा मान मोठा. ती साफ करणे हे कौशल्याचे काम. हातांस तेल चोळावयाचे, बाहेरचे आवरण सोलून काढावयाचे, आतल्या दांड्याचा पिवळट रवाळ भाग कापून टाकून द्यावयाचा, कारण खाज तेथेच अधिक. उरलेले बारीक चिरून काकडाच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात भरपूर शिजवावयाचे. मग त्यात वालाची बिरडी, हरभऱ्याची डाळ, खिमा अथवा कोलंबी घालावयाची. ताजी कोलंबी नसेल तर सोडे, म्हणजे सोलून सुकविलेली कोलंबी, घालतात. या सोड्यांकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

शेवळांत, सुरणात आणि अळूत असे काय असते की ज्याने तोंड टोचावे? आमच्या प्रयोगशाळेत याचे उत्तर डोळ्यांनी पाहता येते. अळूच्या देठाचा अगदी पातळ काप काचपट्टीवर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा व सूक्ष्मदर्शकातून पाहावे. (काप घेणाऱ्याने नंतर हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांस लावू नयेत, मागे एकाने लावले होते.) पेशींमध्ये काड्यांच्या पेटीत काड्या ठेवाव्यात तशा सुयांच्या मोळ्या दिसतात. या सुया कॅल्शियम ऑक्झॅलेट नावाच्या क्षाराच्या असून केसापेक्षाही कितीतरी बारीक आणि दोन्ही टोकांस अणकुचीदार असतात. पान अथवा कंद चावला की पेशी फुटते, सुया बाहेर पडतात आणि ओठांच्या व जिभेच्या मऊ त्वचेत घुसतात. वनस्पतीला पळून जाता येत नाही. तिने आपल्या संरक्षणाची तजवीज अशी करून ठेविली आहे.

चिंच किंवा काकड घातल्याने या सुया विरघळतात, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. हे स्पष्टीकरण आम्हांस पुरेसे वाटत नाही. कॅल्शियम ऑक्झॅलेट हा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि चिंचेसारख्या मंद आम्लातही सहजासहजी विरघळत नाही. मग गुण येतो तो कशाने? याचा एक दुवा जपानी संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मिळतो. त्यांनी किवी फळातील सुया काढून एरंडाच्या पानांवर लाविल्या आणि ती पाने एरी रेशमाच्या अळ्यांस खाऊ घातली. अळ्यांस फारसे काही झाले नाही. मग प्रथिने तोडणारे एक पाचक द्रव्य तेवढे लाविले. तेव्हाही विशेष काही झाले नाही. परंतु दोन्ही एकत्र लाविली तेव्हा अळ्या मेल्या. सुईने भोक पाडावयाचे आणि त्या भोकातून द्रव्याने आत शिरावयाचे, असा हा जोडीचा कारभार आहे. सुईऐवजी त्याच क्षाराची बिनटोकाची भुकटी वापरली, तर हा परिणाम दिसला नाही. यावरून असे मानावयास जागा आहे की दीर्घ शिजविण्याने आणि आंबटाने सुईपेक्षा तिच्यासोबतचे द्रव्य निकामी होत असावे. सुया राहतात, पण त्यांचा डंख जातो.

अननसाचेही असेच. त्यात सुयाही आहेत आणि ब्रोमेलिन नावाचे प्रथिने तोडणारे द्रव्यही आहे. अननसाच्या दहा-बारा फोडी एकामागून एक खाल्ल्या तर कोणाचीही जीभ सोलल्यासारखी होते. तोच अननस शिजवून त्याचा मुरंबा केला तर होत नाही, कारण उष्णतेने ब्रोमेलिन निकामी होते. म्हणजे काय, की खाजरेपणा हा पदार्थाचा गुण आहे. तो सर्वांस सारखाच भोवतो, फार खाल्ले तर फार भोवतो, आणि त्यावरचा उपाय स्वयंपाकघरात आहे.

आता एक हकीकत सांगणे प्राप्त आहे. ती आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या घरची असून त्याच्या मातापित्यांच्या अनुमतीने येथे देत आहोत.

डोंबिवलीतील या घरी जून महिन्यात मोसमातील पहिली शेवळे आली. आजीने ती रीतसर साफ करून काकड घालून शिजविली आणि वर सोडे घातले. पानावर सहा माणसे होती. काकड थोडे कमी पडले असावे. सर्वांच्याच जिभेला किंचित टोचले आणि त्यावरून थट्टाही झाली. अकरा वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, माझं तोंड खूप खाजतंय." आजी म्हणाल्या, "शेवळं खाल्ली की एवढं व्हायचंच, बाळा. आमसुलाचं पाणी पी आणि बस स्वस्थ." त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही, पन्नास वर्षांच्या अनुभवाचे ते बोल होते. मुलगा पाणी पिऊन बसला. पाच मिनिटांनी तो पुन्हा म्हणाला, "ओठ जाड झाल्यासारखे वाटतायत गं." तेव्हा कोणी त्याच्याकडे नीट पाहिले. ओठ खरोखरच सुजले होते, पोटावर आणि मानेवर गांधी उठल्या होत्या, आणि तो सारखा खाकरत होता. वडिलांनी त्याला उचलून रिक्षात घातले. जवळच्या डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिले आणि तासाभरात मुलाला उतार पडला.

घरी परतल्यावर निदान झाले ते असे, की शेवळे बाधली. त्या दिवसापासून त्या घरात शेवळे बंद झाली. सोड्यांचा संशय कोणालाही आला नाही. सोडे तर सर्वांनीच खाल्ले होते!

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा ठाण्यास मामांकडे गेला. मामींनी हौसेने कोलंबीची खिचडी केली. शेवळांचा मोसम संपून महिने लोटले होते. चार घास खाऊन होतात न होतात तोच त्याच्या तोंडाला खाज सुटली, आणि या वेळी गांधी येण्यापूर्वीच श्वास घरघरू लागला. रुग्णालयात त्याला रात्रभर ठेवून घ्यावे लागले. तेथील डॉक्टरीणबाईंनी आईला तीन साधे प्रश्न विचारले. त्रास पानावरील सगळ्यांना झाला की एकट्याला? खाल्ल्यावर किती वेळाने झाला? आणि यापूर्वी असे कधी, काय खाल्ल्यावर झाले होते? तिसऱ्या प्रश्नाने आईच्या डोळ्यांत पाणी आले. जवळ्याची चटणी खाल्ल्यावर तोंड खाजते असे हा मुलगा दोन वर्षांपासून सांगत होता, आणि घरात त्याला 'खाण्याचे नखरे' म्हणत असत.

यावर आम्ही विचार करीत असता आमच्या ध्यानात आले, की आपल्या भाषेने या दोन गोष्टींस दोन निरनिराळे शब्द पूर्वीच देऊन ठेविले आहेत. सुरण 'खाजरा' असतो. कोलंबी एखाद्याला 'वावडी' असते. सुरण वावडा आहे असे आपण म्हणत नाही, आणि कोलंबी खाजरी आहे असेही म्हणत नाही. खाजरे म्हणताना आपण पदार्थाविषयी बोलतो, वावडे म्हणताना माणसाविषयी. आज ज्याला सर्रास अॅलर्जी म्हणतात, ते हे वावडे होय. अॅलर्जी हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली घडविला. वावडे त्याहून पुष्कळच जुने असणार.

वावडे माणसाच्या शरीरात नेमके कोठे वसते, याचा शोध ज्या प्रयोगाने लागला तो विद्यार्थ्यांना सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. जर्मनीतील ब्रेस्लाउ या गावी (आज ते पोलंडमध्ये आहे) हाइन्झ क्युस्टनर नावाच्या एका डॉक्टरास शिजलेल्या मासळीचे वावडे होते. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना मासळीपासून काहीही होत नसे. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनरच्या रक्तातील थोडा द्रव घेऊन तो आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. त्या जागी तात्काळ लाल गांधी उठली. शेजारच्या कातडीवर मात्र काहीच झाले नाही. एकाचे वावडे दुसऱ्याच्या कातडीत, एका नाण्याएवढ्या जागेपुरते, उसने आणता आले! 1921 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. रक्तात काहीतरी असते एवढे तेव्हा सिद्ध झाले. ते काय, हे कळण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे जावी लागली. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी 1966-67 च्या सुमारास ते द्रव्य ओळखले. त्यास इम्युनोग्लोब्युलिन ई म्हणतात.

या द्रव्याचे कार्य थोडक्यात असे. प्रथम खाण्याच्या वेळी शरीर एखाद्या निरुपद्रवी प्रथिनास शत्रू समजते आणि त्याच्या विरुद्ध हे प्रतिद्रव्य तयार करते. या वेळी बाहेरून काहीही दिसत नाही. हे प्रतिद्रव्य त्वचेतील, ओठांतील, श्वासनलिकेतील व आतड्यांतील विशिष्ट पेशींवर चिकटून बसते. त्या पेशींच्या पोटात हिस्टामिन भरलेले असते. पुढे कधीतरी तेच प्रथिन पुन्हा आले की त्या पेशी हिस्टामिन ओततात. रक्तवाहिन्या सैल होतात, सूज येते, खाज सुटते, श्वासनलिका आवळतात. म्हणून 'काल खाल्ले तेव्हा तर काही झाले नव्हते' हा युक्तिवाद वावड्याच्या बाबतीत टिकत नाही. पहिल्या वेळी काही होत नाही, हाच मुळी त्याचा क्रम आहे. आणि येथे मात्रेचाही भरवसा नाही. सुरण चिमूटभर खाल्ला तर चिमूटभर टोचतो, पण वावडे असलेल्यास कोलंबी तळलेल्या तेलात तळलेला बटाटाही पुरेसा होतो.

कोलंबीतील अपायकारक प्रथिन कोणते, हे शोधण्यात आपल्या देशाचा वाटा आहे, हे सांगताना आम्हांस समाधान वाटते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बाराव व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील संशोधकांच्या साह्याने 1993 साली दाखवून दिले, की कोलंबीचे प्रमुख वावडे हे ट्रोपोमायोसिन या स्नायूतील प्रथिनामुळे होते. आणि त्यांनी अभ्यासिलेली कोलंबी ही आपल्याच किनाऱ्यावरची होती. हे प्रथिन उष्णतेस दाद देत नाही. उकळा, तळा, उन्हात सुकवून सोडे करा अथवा जवळा कुटून चटणी करा, ते शाबूत राहते. काकडाच्या रसाने शेवळाची खाज मरते, सोड्यांचे ट्रोपोमायोसिन मरत नाही. एकाच पातेल्यात दोघेही शिजत होते. एकावरचा उपाय दुसऱ्यावर लागू पडेल असे आजींनी मानले, एवढीच काय ती चूक.

हेच प्रथिन थोड्याफार फरकाने चिंबोरी, शेवंड यांतही असते, आणि झुरळांत व घरातील धुळीत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांतही असते. म्हणून कोलंबीचे वावडे असणाऱ्याने चिंबोऱ्यांपासूनही दूर राहावे हे शहाणपणाचे. मात्र पापलेट, बोंबील, सुरमई यांतील वावडे आणणारे प्रथिन वेगळ्या जातीचे आहे. तेव्हा कोलंबी वावडी म्हणून त्या मुलाची सगळीच मासळी बंद करणे हे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नये. वाढत्या वयात अन्नावर उगीच बंदी घालणे हाही एक अपायच आहे. एका घरी वांग्यात सोडे घालीत असत आणि मुलीच्या तोंडाला खाज आली म्हणून वांगे बंद झाले, असेही आमच्या ऐकण्यात आहे. आता वांगेही अगदी निर्दोष नव्हे. त्यात हिस्टामिन स्वभावतःच असते आणि कोणाकोणास त्याचे खरे वावडेही असते. परंतु तेथे आरोपी दोन होते आणि चौकशी एकाचीच झाली.

चौकशीत घोटाळा करणारे आणखी दोन प्रकार सांगितले पाहिजेत. पहिला बांगड्याचा. बांगडा, कुपा यांसारखी मासळी बर्फावाचून काही तास राहिली, तर जंतू तिच्या मांसातच हिस्टामिन तयार करतात. ते शिजविण्याने जात नाही. अशी मासळी खाल्ली की चेहरा लाल होतो, ओठ व तोंड चुरचुरते, डोके ठणकते. पण हे पानावरील बहुतेक सर्वांस होते. हे वावडे नव्हे, खाजरेपणाही नव्हे. ही मासळी बिघडली होती. ताजा बांगडा त्याच मंडळींनी पुढे खुशाल खावा.

दुसरा प्रकार कैऱ्या पाडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. कैरीचे देठ दाताने तोडले, की पुढे एक-दोन दिवसांनी ओठांभोवती पुरळ उठते, कातडी लाल होते, कधी फोड येतात. आंबा, काजू, बिब्बा व चारोळी ही एकाच कुळातील झाडे असून, आंब्याच्या चिकात आणि सालीत जी द्रव्ये असतात ती बिब्ब्याच्या व काजूच्या टरफलाच्या तेलातील द्रव्यांची भाऊबंद आहेत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कातडीवर कपड्यांच्या खुणेच्या जागी पुरळ येऊ लागले, तेव्हा धोब्याने बिब्ब्याने घातलेली खूण त्यास कारण होती असे त्यांच्या डॉक्टरांनी 1943 साली लिहून ठेविले. हेही वावडेच, पण दुसऱ्या धाटणीचे. यात इम्युनोग्लोब्युलिन ई नसते. रक्तातील पांढऱ्या पेशी सावकाश जमतात, म्हणून त्रास उशिरा दिसतो आणि श्वास कोंडत नाही. आंबे पाण्यात भिजत घालून, देठाकडचा चीक धुऊन, मगच चोखावयास देण्याची आपल्याकडील रीत म्हणून मोलाची आहे. ज्यांस त्रास होतो त्यांनी साल काढून फोडी खाव्यात. गर बहुधा बाधत नाही. येथे कोणी विचारील, की डॉक्टरीणबाईंचा दुसरा प्रश्न कशासाठी होता? तो यासाठीच होता. मिनिटांत येते ते एक, दोन दिवसांनी येते ते दुसरे.

तेव्हा नुसते तोंड खाजले म्हणून घाबरावे काय? मुळीच नाही. सुरणाने, अळूने, अननसाने तोंड खाजले तर चूळ भरावी, आमसुलाचे पाणी किंवा ताक प्यावे. थोड्या वेळात थांबते. परंतु खाज तोंडापुरती न राहता अंगावर गांधी येऊ लागल्या, ओठ, जीभ अथवा पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला, खोकला किंवा घरघर लागली, उलट्या होऊ लागल्या, मूल निस्तेज होऊन त्याला भोवळ आली, तर ते खाजरे आहे की वावडे याची चर्चा घरात करीत बसू नये. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, अथवा ती येईपर्यंत थांबणे शक्य नसेल तर जे रुग्णालय सर्वांत जवळ असेल ते गाठावे. या विकारावरचे खरे औषध अॅड्रेनॅलिन असून ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत टोचतात. खाजेची गोळी गांधी शमविते, परंतु कोंडलेला श्वास मोकळा करण्यास ती पुरी पडत नाही. गोळी देऊन वाट पाहण्यात अमूल्य वेळ जातो. मुलाला भोवळ येत असेल तर उभे करू नये, चालवू नये; आडवे निजवून पाय थोडे उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे. उतार पडला तरी काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे, कारण हा विकार कधी कधी परत उलटतो.

पुढे तपास कशाचा झाला हे ठरविण्याचे काम डॉक्टरांचे. ते कातडीवर अर्काचा थेंब ठेवून सुईने किंचित टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांधी उठते की नाही ते पाहतात; कधी रक्तही तपासतात. नुसत्या तपासणीत दोष दिसला म्हणजे वावडे सिद्ध झाले असे नव्हे. काय खाल्ले आणि काय झाले याची हकीकत तिच्याशी जुळावी लागते. म्हणून पालकांनी एका वहीत तारीख, जेवणातील सर्व जिन्नस (फोडणीतले आणि चटणीतलेसुद्धा) आणि किती वेळाने काय झाले हे टिपून ठेवावे. 'पाहू तर खरे, पुन्हा होते का' म्हणून घरी मुद्दाम तोच घास भरविणे हे फार धोक्याचे आहे, आणि असे करणारे सुशिक्षित लोक आम्ही पाहिले आहेत. दुधाचे व अंड्याचे वावडे पुष्कळ मुलांत वयाबरोबर जाते. कोलंबीचे बहुधा जात नाही.

बंद पाकिटातील खाद्यावर कवचधारी जलचर, मासळी, दूध, अंडी, भुईमूग, सुकामेव्याची फळे, सोया, गहू इत्यादींचा उल्लेख करणे 2020 च्या नियमांनी आवश्यक केले आहे. परंतु मधल्या सुट्टीतील डब्यावर असा कागद चिकटविलेला नसतो. आमच्या शाळेत डबा वाटून खाण्याची चाल आहे आणि ती मोडावी असे आम्हांस वाटत नाही. ज्याला वावडे आहे त्याने ते लपवू नये, त्याच्या मित्रांनी आग्रह करू नये, आणि पालकांनी वर्षारंभीच वर्गशिक्षकांस लेखी कळवावे, म्हणजे प्रसंग पडल्यास आमचा वेळ चौकशीत जाणार नाही.

त्या डोंबिवलीच्या घरी या वर्षीच्या जून महिन्यात शेवळे पुन्हा आली. सोड्यांचा डबा आता वरच्या फळीवर निराळा असतो आणि त्याचा चमचाही निराळा आहे. भाजीत वालाची बिरडी होती. आजींनी काकड या खेपेस जरा जास्तच घातले; तरी नातवाच्या जिभेला किंचित टोचलेच. त्याने शेजारच्या बहिणीस विचारले, "तुलाही टोचतंय का गं?" तिने होय म्हणून मान हलविली, तेव्हा त्याने आणखी एक वाढ मागून घेतली.